खंडेनवमीचा संगणक

दसरा उलटला की माझे आई-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याकडे निघायचे. मी मावशीकडे राहायचो. तिच्या पोरांना ताजी भाकरी, मला सकाळची उरलेली. त्यातूनच मी बी.ए., बी.एड. झालो. आमच्या घराण्यात पहिला. हे मी कुणी न विचारता सांगतो.

पुढे आमच्या बीड जिल्ह्यातल्याच एका शाळेत इंग्रजीचा मास्तर झालो. सरकारी योजनेतून शाळेला संगणक मिळाला, त्याला फोनची तारही जोडली. मुख्याध्यापकांनी त्यावर मखमली कापड टाकलं आणि खोलीला कुलूप लावलं. तपासणीला साहेब आले की कापड निघायचं. आठवीला मी संगणक शिकवायचो तो फळ्यावर खडूने काढून. पोरं बाकावर बोटं आपटायची.

कॉलेजातल्या मित्राने इंग्लंडातल्या एका शाळेशी गाठ घालून दिली. तिथल्या मुलांना आमच्या मुलांशी ई-मेलवर बोलायचं होतं. मी किल्ली मागितली.

मुख्याध्यापक हसले. "सर, ही पोरं आता ऊस तोडायला जाणार. जगाशी बोलून करायचंय काय त्यांना?"

"माझा बाप अजून तोडतोच आहे," मी म्हणालो. किल्ली मिळाली नाही.

खंडेनवमीला मात्र खोली उघडली. संगणकाला हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढे नारळ. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावत नाहीत. आमच्याकडे कोयत्यालासुद्धा लावत नाहीत. मी हार बाजूला केला आणि आठवीतल्या एका मुलीला बसवलं. तिच्या घरच्यांची ऊसतोडीची टोळी दसरा झाला की निघणार होती, तीही त्यांच्याबरोबर.

"सर, करंट बसंल का वो?"

"न्हाई बसत. लिही."

दारातून मुख्याध्यापक ओरडले, "अहो, आज हत्याराला हात लावत न्हाईत! शिकलेले ना तुमी?"

"बाकीच्या दिवशी तुमी लावू देत न्हाई."

तिने एका बोटाने इंग्रजीत लिहिलं: माझी आई ऊस तोडते. तुझी आई काय करते? मी ते पाठवून दिलं.

उत्तर आलं तेव्हा ती उसाच्या फडात होती. "घ्या, आता जा उसात वाचून दाखवायला," छापलेला कागद पुढे करत मुख्याध्यापक म्हणाले. पुढच्या तपासणीत तेच उत्तर त्यांनी 'आमचा उपक्रम' म्हणून साहेबांपुढे ठेवलं. साहेब लई खूष. दर आठवड्याला चालू ठेवा, म्हणाले.

मुलगी शाळेत परतलीच नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न उरकलं. उत्तराचा कागद मी तिच्या आईच्या हातात दिला.

जूनपासून त्या खोलीचं कुलूप निघालं. आठवीला आठवड्यातून दोन तास संगणक मिळाला, आणि ते तास मी मिळवले. हेही मी कुणी न विचारता सांगतो.