मंगळाच्या राजाची मूठ

आमच्या नाटकातला मंगळाचा राजा लोकांच्या कपाळावर बोटाच्या पेरानं टकटक करायचा आणि मग कान लावायचा. ती गंमत राजाचं काम करणाऱ्यानं आयत्या वेळी केली, असं गावात सगळे समजतात. तसं नव्हतं. ती मी लिहिली होती आणि मीच त्याला शिकवली होती. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही.

ती सवय होती आमच्या शेजारच्या कसाराची. कोंढ्याला माझं सायकलचं दुकान आणि त्यांचं भांड्यांचं, मधे एकच भिंत. मी त्यांना काकाजी म्हणायचो, ते मला बाबू. पितळेचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, दोन भागांत ठोकतात आणि पोटाशी डाग देऊन जोडतात. सांधा कच्चा राहिला तर भांडं बद्द वाजतं. म्हणून गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी काकाजी पेरानं टकटक करायचे, मान वाकडी करून कान लावायचे आणि म्हणायचे, "बोलते का पाहू." भांडं बोललं तर द्यायचे. नाही बोललं तर निखाऱ्याशी परत. ही सवय त्यांना इतकी जडली होती की चहाचा कप हातात आला तरी आधी टकटक. तुमच्या गावातही असा कोणी असेल, जो दिसायच्या आधी ऐकू येतो.

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी मंडईसाठी, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी, मी नाटक लिहिलं. मंगळावर पाणी संपतं आणि तिथला राजा आमच्या गावचा तलाव पळवायला येतो. राजाला तलवार हवी होती. पात्याला पत्रा होता, मुठीत बसवायला सायकलचा लाल दिवा होता, मूठ मात्र नव्हती. मी कवटी आणि दोन शिंगं काढलेला कागद घेऊन काकाजींकडे गेलो.

त्यांनी कागद लांब धरून पाहिला. "हे काय हाय? बोकड?"

"राक्षसी पायजे, काकाजी. पाहताच भेव वाटलं पायजे."

"भेव डोळ्यानं वाटते. मूठ हातात असते." त्यांनी कागद खाली ठेवला. "हा माणूस कोण हाय, ते सांग. तलवार रागानं धरते का भेवानं?"

"मंगळावरचा हाय तो. कोणी नाही."

"कोणी नाही कसा? कोणाले तरी पाहूनच लिहिला असशीन ना, बाबू."

मी कागदाची घडी घालत राहिलो. टकटकीचा प्रवेश आदल्याच दिवशी लिहून झाला होता.

त्यांनी ओल्या मातीचा गोळा माझ्या पुढ्यात टाकला. "मंग तूच धर. तुयाच मनातला हाय तो." मी मूठ आवळली. त्या ठशावरून त्यांनी पितळेची मूठ केली. शिंगं नाहीत, कवटी नाही. बोटं जातील अशा चार कड्या, आत जाताना मोकळ्या आणि मागे सरकताना अडवणाऱ्या. आडवी दांडी विळ्यासारखी वाकलेली, टोकं समोरच्याकडे नाहीत, धरणाऱ्याच्याच मनगटाकडे. मी हात घातला तो सहज गेला. काढताना कातडं ओढलं.

"हात लवकर जाते, उशिरा निघते," ते म्हणाले. "वाईट माणसाले असीच मूठ पायजे. फेकून द्यायचं मनात आलं तरी फेकता नाही आली पायजे." मग मूठ हातात घेऊन टकटक केलं, कान लावला आणि खुश होऊन मला दिली.

राजा झालेला आटाचक्कीवाला कुरकुरला की मूठ त्याला घट्ट होते. होणारच होती. ती माझ्या हाताची होती.

रात्र मोठ्या नाटक कंपनीनं घेतलेली, म्हणून आम्हाला दुपार मिळाली. उन्हात लाल दिवा कोणाला दिसणार? लोक कंटाळून उठायच्या बेतात होते. तेवढ्यात राजानं सरपंचाच्या पात्राच्या कपाळावर टकटक केलं, मान वाकडी केली आणि म्हणाला, "बोलते का पाहू." अख्खी मंडई हशानं फुटली. राजा एकेकाला वाजवत गेला, "हे बद्द हाय, फेका," म्हणत गेला आणि लोक वळून वळून समोरच्या रांगेकडे पाहत राहिले. तिथे काकाजी धुतलेल्या धोतरात बसले होते, आपली मूठ पाहायला. तेही हसत होते. हसू थांबवायचं कधी, हे न कळल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी दुकानाशी येऊन त्यांनी विचारलं, "मूठ तं सैल नाही झाली ना?"

"नाही, काकाजी."

मग म्हणाले, "तो माणूस कोण होता, बाबू?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "त्या चक्कीवाल्यानं आपल्या मनानं केलं ते." चक्कीवाल्यानंही कधी नाकारलं नाही. हशा त्याला मिळाला होता.

त्यानंतर काकाजींनी भांड्याला पेर लावलं की रस्त्यावरून आवाज यायचा, "बोलते का, काकाजी?" पोरं, बाया, एस.टी.ची वाट पाहणारे, सगळेच. हळूहळू भिंतीपलीकडची टकटक कमी झाली. मग थांबली. भांडं ते डोळ्यांनी पाहायचे आणि देऊन टाकायचे.

एका लग्नात आंदणाचा गुंड पाझरला. नवरीनं नवऱ्याच्या दारात पहिलं पाणी आणलं ते पदर भिजवत. तिच्या बापानं तो गुंड काकाजींच्या पायरीवर आणून ठेवला आणि निघून गेला. काकाजी तो मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसले होते. तेव्हाही त्यांनी तो वाजवला नाही. मी भिंतीच्या अलीकडे ट्यूबचं पंक्चर काढत होतो.

पुढे घरोघरी स्टील आलं. स्टीलनं कसाराचा धंदा बसवला, असं लोक म्हणतात. मीही तेच म्हणत आलो. पण स्टील नंतर आलं.

दुकान उठवून ते लेकीकडे लाखांदूरला गेले. मीच त्यांचं गाठोडं एस.टी.वर चढवलं. खिडकीतून त्यांचा लोटा त्यांच्या हाती दिला. त्यांचं पेर उचललं गेलं. त्यांनी आजूबाजूच्या लोकांकडे पाहिलं आणि हात तसाच खाली घेतला. गाडी निघाली. दोन पावसाळ्यांनी ते वारल्याचं कळलं.

मूठ माझ्याकडे आहे. पत्रा गंजून गळून गेला, दिवा फुटला. हात अजून तिच्यात सहज जातो.

त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, तो माणूस कोण. काकाजी, ते तुम्ही होता, आणि लिहिणारा मी होतो. हे उत्तर मी त्यांना देणं लागतो.