तळ्यावरून येणारी पोस्टकार्डं

सोमवारी न्याहारीच्या सुट्टीत माइस्टर ॲप्रनला हात पुसायचे, वरच्या खिशातलं पोस्टकार्ड काढून हातभर लांब धरायचे आणि म्हणायचे, "ऐका. घरून पत्र आलंय."

आम्ही पाव चावत ऐकायचो. "नर मंगळवारी पोचला. जुन्या घरट्यावर नव्या काटक्या." पुढच्या सोमवारी, "मादीही आली." मग, "ती अंड्यांवर बसली. तो तिला मासे आणून देतो."

माइस्टर, म्हणजे आमच्या कार्यशाळेचे मुख्य कारागीर, एकटे राहायचे. त्यांचं म्हणावं असं घर दूर उत्तरेला, मेक्लेनबुर्गातल्या एका तळ्याकाठी, उंच पाइनच्या शेंड्यावर होतं. त्यात मीनखाई घारींची जोडी राहायची. आपल्याकडे हिवाळ्यात धरणांवर दिसते ना, पाण्यावर धाडकन पडून मासा उचलणारी? तीच.

साठ सालच्या पुढेमागे मी सांगलीहून पूर्व जर्मनीतल्या येनाला काचेवर संशोधन करायला गेलो. प्रोफेसरांनी मला आधी भिंगं घासायला कार्यशाळेत धाडलं. माझं पहिलं भिंग माइस्टरांनी खिडकीकडे धरलं. "वा, वा," ते म्हणाले, "यातून गाय ढगासारखी दिसेल. ढगांचा अभ्यास असेल तर ठीक." मग ते भिंग टाकून न देता माझ्या शेजारी बसून दुपारभर शिकवत राहिले.

पोस्टकार्डं लिहायचा तो त्यांचा मित्र. युद्धकैदेत दोघं एका पांघरुणात झोपलेले. सुटल्यावर मित्राने तळ्याकाठच्या गावात औषधांचं दुकान चालवायला घेतलं. माइस्टरांना वर्षात दोनदाच रजा मिळायची, एप्रिलमध्ये आणि मेच्या शेवटाकडे येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणाला. बाकीचे दिवस घरट्यावर नजर ठेवायची मित्राने.

पण सलग तीन वर्षं मे महिन्यात एकच पत्र येत होतं. घरटं रिकामं. अंडी नाहीत.

"कारण मी," माइस्टर मला म्हणाले. मी नुकताच आलो होतो, त्या हिवाळ्यातली गोष्ट. "माझी दुर्बीण चमकते. मादी बिचकते, उठून जाते, मग कावळे अंडी नेतात. मित्राने स्वतः पाहिलंय." मित्राच्या सांगण्यावरून त्यांनी बसण्याची बोरूची झोपडी दर वर्षी मागे सरकवली होती. आता ती तळ्याच्या पलीकडच्या काठावर होती. ज्या माणसाच्या हातची भिंगं जगभर जायची, तो अख्खा हिवाळा काम सुटल्यावर थांबून स्वतःच्या दुर्बिणीला काळी नळी बसवत होता. उजेडाचा एक कण परत जायला नको.

वसंत आला. "ती बसली," कार्ड आलं. माइस्टर त्या आठवड्यात शिट्टी वाजवत काम करायचे.

मेच्या मध्यावर त्यांनी कार्ड खिशातून काढलं, वाचलं आणि परत ठेवलं.

पेंटेकॉस्टला ते मला सोबत घेऊन गेले. गाड्या बदलत बदलत सबंध दिवसाचा प्रवास. पलीकडच्या काठावरून मी त्या दुर्बिणीला डोळा लावला. मादी रिकाम्या घरट्याच्या कडेवर बसलेली. नर मासा घेऊन आला, तिच्यापुढे ठेवला. तिने तोंड फिरवलं.

"चिकाटी बघा त्याची," माइस्टर म्हणाले. मग हळूच, "मी यापुढे न आलेलंच बरं, नाही का?"

मुक्काम मित्राकडे होता. हसतमुख माणूस. मला स्वतःच्या हाताने सूप वाढलं, हिंदुस्थानातल्या पक्ष्यांबद्दल विचारलं. दुसऱ्या दिवशी लाकडं फोडताना माझ्या बोटात लाकडाची ढलपी घुसली, रक्त थांबेना. मित्र स्वयंपाकघरातून म्हणाला, "पट्टी वरच्या खोलीत, डावीकडचं कपाट."

जर्मनमधल्या डावं-उजवं या शब्दांत माझा तेव्हा नेहमी घोळ व्हायचा. मी उजवीकडचं उघडलं.

आत झाडावर चढायचे लोखंडी काटे होते, त्यांना चिकट राळ लागलेली. त्याखाली खण. मी खण ओढला. कापसावर तीन-तीनच्या ओळींत अंडी मांडलेली होती, सायीच्या रंगाची, वर तांबूस डाग. प्रत्येकात आतलं काढून घेतल्याचं बारीक भोक. प्रत्येक ओळीखाली तारीख. अक्षर मला पाठ होतं. दर सोमवारी माझ्यासमोर धरलं जायचं ते.

मी बोटातलं रक्त तसंच घेऊन अंगणात गेलो आणि माइस्टरांना सांगितलं.

"तुम्ही चुकीचं वाचलंत," ते म्हणाले. कधी नव्हे ते चिडून. "तुमचं जर्मन अजून कच्चं आहे."

"आकडे तर वाचता येतात मला."

ते वर गेले. मी मागोमाग. मित्रही आवाज ऐकून आला आणि दारातच उभा राहिला. माइस्टरांनी एकेका तारखेवरून बोट फिरवलं. चार ओळी. शेवटची तारीख त्याच महिन्यातली.

"म्हणजे दोष दुर्बिणीचा नव्हता," ते म्हणाले.

"सुंदर आहेत ना?" मित्र म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "तिथे वर कोणी बघितली असती?"

"झोपडी मागे न्यायला तूच सांगितलंस."

मित्राने पुढे होऊन लोखंडी काटे कपाटात आत सरकवले.

"मग पोस्टकार्डं का पाठवत होतास? नको होती ना पाठवायला."

"तू वाट बघायचास म्हणून," मित्र म्हणाला.

मला वाटतं तो खरं बोलत होता. माइस्टरांनी खण बंद केला, जॅकेट घेतलं. स्टेशनपर्यंत आम्ही चालत गेलो. गाडीत ते एकदाच बोलले. "चार वर्षं मी त्या पाखरांची माफी मागत होतो."

येनाला परतल्यावर त्यांनी वनखात्याला पत्र लिहिलं. अंडी जप्त झाली एवढं कळलं. सोमवारची सुट्टी आता मुकाट्याने जायची. कोणी नवा माणूस कार्यशाळेत आला की ते विचारायचे, "याला कोणी पाठवलं?" माझ्याशीही जरा तुटकच वागू लागले. बातमी आणणाऱ्याकडे बघितलं की बातमीच दिसते, असं काहीसं असावं. मी मनाला लावून घेतलं नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल.

पुढच्या वर्षी त्यांनी बिनपगारी रजा टाकली आणि एप्रिलपासून थेट झाडाखाली तंबू ठोकला. जुलैत मला दोन ओळी आल्या. "पिल्लं उडायच्या बेतात. हवं तर या."

मी गेलो. माइस्टर वाळले होते, दाढी वाढली होती. वर दोन पिल्लं पंख फडफडवून घरट्यावर हातभर उचलली जात, पुन्हा खाली बसत. सकाळी एकाने कडेवर पाऊल टाकलं, डगमगलं आणि सुटलं. घसरत घसरत पाण्यावर आलं, सावरलं, वर चढलं. मी ओरडलोच, "माइस्टर, उडालं!"

ते झाडाकडे पाठ करून उभे होते. गावाकडून येणाऱ्या पायवाटेवर त्यांची नजर होती.

"हो का?" ते म्हणाले. पण मान वळवली नाही.