पाय दाखव

"पाय दाखव."

मालकीणबाई एवढंच म्हणाली. मी सात वर्षांची. अंगात निळा फ्रॉक, माझ्या मापाचा नसलेला, आयनं मागून पिना लावून घट्ट केलेला. हातात कागदात गुंडाळलेली एक रंगीत पेन्सिल. मालकांच्या मुलीचा वाढदिवस होता, तिला द्यायला आणलेली. मी उंबऱ्याशी उभी होते. आधी एक पाय उचलून दाखवला, मग दुसरा.

टाचा पांढऱ्या होत्या. सकाळी दगडानं घासून घासून धुतल्या होत्या, तरीही. उन्हाळाभर मिठागरावर आयच्या मागं फिरणाऱ्या पोरीच्या टाचा अशाच असतात. मीठ भेगांत शिरतं आणि तिथंच राहतं.

"नवी फरशी आहे," मालकीणबाई म्हणाली. "डाग पडतील. तू इथंच बस."

इथंच म्हणजे पायरीवर, चपलांच्या शेजारी. आय आत होती. ती मागच्या दारानं गेली होती, भांडी घासायला. तिनं ऐकलं. मला माहीत आहे तिनं ऐकलं, कारण भांड्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

खिडकीच्या गजांतून मला फुगे दिसत होते. केक कापला, टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. बाहेर बसून, एकटीनं. त्याची लाज मला आजही वाटते. मग कुणीतरी कागदावर केकचा तुकडा आणून दिला. मी तो खाल्ला. गोड लागला. त्याचीही लाज वाटते.

हे मोरव्यातलं, भाईंदर पश्चिमेच्या जुन्या गावातलं. मालक आमच्याच गावचे, आमच्याच देवळात येणारे. मिठागर त्यांचं, टोपली आमच्या डोक्यावर. खाडीचं पाणी आत घ्यायच्या आधी आय चिखलाचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायची. मीठ धरलं की लाकडी फावड्यानं ओढायची, वाहून न्यायची आणि त्याची रास रचायची. रास रचावी तर माझ्या आयनं. ओल्या तळव्यानं थापटत थापटत वर जायची. वारा सुटला तरी खडा हलायचा नाही.

मालकीणबाईवर मी पंचवीस वर्षं राग धरला. ते सोपं होतं. आज जे सांगायला बसले आहे ते तिच्याबद्दल नाही. ते माझ्याबद्दल आहे.

आता मी सिल्व्हर पार्कला राहते. टॉवर, दोन लिफ्ट, क्लबहाउस. डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. नवरा बँकेत, मुंबईतून इकडं राहायला आलेल्या घरातला. मुलगी सई. यंदा पाच वर्षांची झाली. आमच्या टॉवरमध्ये नुसता वाढदिवस होत नाही. थीम लागते. बी विंगमधल्या एका मॅडमनी मुलाच्या वाढदिवसाला माणसं बोलावून अख्ख्या क्लबहाउसचं जंगल केलं होतं. मी म्हटलं, क्लबहाउस घेऊ, पण सजावट आपणच करू, हातानं. कातरकाम, चिकटवाचिकटवी मला मनापासून आवडतं. सईला विचारलं, कुठली थीम करायची?

"आजीचं मिठागर," सई म्हणाली.

तिनं चित्रसुद्धा काढून ठेवलं होतं. पांढरे त्रिकोण, लांब पायांचे गुलाबी पक्षी आणि मध्ये एक बाई. बाईचे पाय फार मोठे काढले होते.

आणि मी काय म्हणाले? "अगं, त्यापेक्षा स्नो करूया. बर्फाचा देश."

"पण आजी कुठं बर्फ करायची?"

"स्नो म्हटलं की सगळ्यांना कळतं गं."

सगळ्यांना म्हणजे कुणाला, ते मला पक्कं माहीत होतं. बी विंगच्या मॅडमना. दोन वर्षांपूर्वी लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं होतं, तुम्ही मूळच्या कुठल्या? मी मोरवा म्हणाले, मिठागरात काम होतं म्हणाले. त्या हसून म्हणाल्या, "अय्या, मीठवाले? तुमच्याकडे बघून वाटत नाही हो." मी थँक यू म्हणाले. खरंच म्हणाले. आणि घरी येऊन चहा करतानाही मला छान वाटत होतं.

तर बर्फ. आधी कापूस आणून पाहिला. उशी फुटल्यासारखा दिसत होता. मग डोक्यात आलं, जाड्या मिठाचे ढीग हुबेहूब बर्फासारखे दिसतील. आयला फोन केला. मला तिचं मीठ हवं होतं. मिठागर नको होतं.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी आय रिक्षानं आली. तिच्या ओळखीचा एक जण अजून मीठ काढतो, त्याच्याकडून दोन गोणी आणल्या. सोबत पेंढ्याची एक मोळी.

"आये, पेंढा कशाला?" गेटबाहेर रिक्षापाशीच मी विचारलं.

"मीठ पाजरतं, बाय. सप्टंबरची हवा हाय. खाली पेंढा पायजे, न्हायतर पानी सुटल."

"बर्फाखाली पेंढा असतो का?"

आय हसली. "मी बर्फ बगला न्हाय. मना मिटाचं म्हाईत हाय."

चाळीस वर्षं जिनं मीठ सांभाळलं, ती सांगत होती. आणि मी, इंटरनेटवर तीन व्हिडिओ बघितलेली, तिला म्हणाले, "दिसायला बरं नाही दिसत गं." पेंढा उचलून जिन्यात ठेवून आले. पेंढा दिसला की मिठागर दिसणार, खरी भीती ती होती.

आयनं क्लबहाउसच्या दाराशी चपला काढल्या. अनवाणी आत गेली, खाली बसली आणि तासाभरात पाच राशी उभ्या केल्या. तीच पद्धत. हात पाण्यात बुडवायचा, थापटायचं, वर सरकायचं. सई तिच्या शेजारी इवल्या हातांनी थापटत होती.

"मम्मा, बघ माझी रास!"

"रास नाही, स्नो माउंटन," मी म्हणाले आणि त्यावर चमकी टाकली. शांती नगरच्या दुकानातून आणलेले कागदी पेंग्विन खोचले. आय बाजूला झाली.

एक गोष्ट सांगायची राहिली. मोरव्यात मी तिला आय म्हणते. टॉवरमध्ये आई. हे मी कधी ठरवलं नाही. आपोआप होतं, लिफ्टचं दार बंद झालं की.

साडेचार वाजता मिठानं पाणी सोडलं. पाचही राशींखालून खारट पाण्याचे ओघळ निघाले. क्लबहाउसची लादी काळीभोर, आरशागत चकचकीत. आय फडकं घेऊन खाली बसली. पुसायची, उठायची, फडकं पिळायला बेसिनपाशी जायची, परत यायची. वर पंखे जोरात फिरत होते. ओली पावलं वाळली आणि मिठाची पावलं उरली. पांढरी. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून बेसिनपर्यंत. बोटं, टाचा, टाचांच्या भेगासुद्धा दिसत होत्या.

तेवढ्यात बी विंगच्या मॅडम मुलाला घेऊन आल्या. दारात थांबल्या. लादीकडं बघितलं. "हे काय झालंय?" म्हणाल्या.

नंतर मी कितीदा आठवून पाहिलं, त्या आणखी काही बोलल्या का. नाही बोलल्या. पुढचं सगळं मी बोलले.

मी वळले आणि त्यांच्यादेखत, सईदेखत म्हणाले, "आई, पाय दाखव."

आयनं दाखवले. भिंतीला धरून आधी एक पाय उचलला, मग दुसरा. पासष्ट वर्षांची बाई.

"लादीवर डाग पडतायत. तू जरा बाहेर बस ना."

जरा आणि ना. मालकीणबाईपेक्षा मी जास्त शिकले ते एवढंच.

आय बाहेर गेली. चपलांच्या रॅकशेजारी प्लास्टिकची खुर्ची होती, तिच्यावर बसली. मला तेव्हा ती पायरी आठवली का? नाही. खोटं कशाला सांगू? मला फक्त लादी दिसत होती. मी फडकं घेतलं आणि आयची पावलं पुसायला लागले.

मुलं यायला लागली. दारात उभं राहून सगळ्यांना आत घ्यायचं, असं सईचं आधीच ठरलं होतं. मी गुडघ्यावर बसून पुसत होते. दाराशी हसणं ऐकू येत होतं. मग सईचा आवाज आला.

"पाय दाखव!"

मुलं बूट उचलून दाखवत होती, खिदळत होती. सई वाकून बघायची आणि म्हणायची, "ओके, जा आत." तिला तो खेळ वाटला होता. आईनं नुकताच शिकवलेला नवा खेळ. मी मान वर केली, पण उठले नाही. मुलं हसताहेत, काय बिघडलं, असं स्वतःला सांगितलं.

मग गुड्डी आली. गेटबाहेर इस्त्रीचं टेबल आहे, तिथल्या बाईची मुलगी. सईची बालवाडीतली मैत्रीण, सईनंच बोलावलेली. तिनं चपला बाहेर रॅकमध्ये नीट ठेवल्या. हातात काहीतरी होतं, कागदात गुंडाळलेलं. त्या कागदाला इस्त्री केली होती, एक सुरकुती नव्हती. सईनं "पाय दाखव" म्हटल्यावर तिनं उचलला. आधी एक, मग दुसरा. कोळशाच्या इस्त्रीपाशी खेळणाऱ्या मुलीचे तळवे. काळे.

सई म्हणाली, "तेरे पैर गंदे हैं. दाग पडेगा. तू उधर आजी के पास बैठ."

गुड्डी रडली नाही. मीही रडले नव्हते. ती निमूट गेली आणि आयच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. आयनं तिच्या पायांकडं बघितलं. मग माझ्याकडं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मला बरं झालं असतं.

त्या दिवशी मालकांच्या घरात भांड्यांचा आवाज थांबून पुन्हा का सुरू झाला, ते मला आत्ता कळलं. आयनं तोंड उघडलं असतं तर मिठागरावरचं काम गेलं असतं आणि घरात चूल पेटली नसती. माझं काय जाणार होतं? लिफ्टमधलं ते "वाटत नाही हो" जाणार होतं. तेवढ्यासाठी मी माझ्या आयला चपलांपाशी बसवलं होतं. आणि पाच वर्षांच्या पोरीला उंबऱ्यावर मालकीणबाई करून उभी केली होती.

मी सँडल काढल्या. राशींच्या खालच्या पाण्यात दोन्ही पाय ठेवले आणि तशीच दारापर्यंत चालत गेले.

"मम्मा, डाग!" सई किंचाळली.

"पडू देत."

मॅडम मागून म्हणाल्या, "अहो, मुलं घसरतील. त्या बाईंकडून आधी नीट पुसून घ्या ना."

"त्या बाई नाहीत. माझी आय आहे." आवाज माझा मलाच मोठा वाटला. "आणि हे स्नोबिस्नो काही नाही. मीठ आहे, मोरव्याचं. तिनं जन्मभर हेच काढलं. आम्ही मीठवालेच आहोत. बघून वाटत नसेल तर नीट बघा."

"मी काय म्हटलं तुम्हाला?" मॅडम खरंच गोंधळल्या होत्या. त्यांचं बरोबर होतं. त्या दिवशी त्यांनी तसं काहीच म्हटलं नव्हतं. पाच मिनिटांत त्या मुलाला घेऊन गेल्या.

मी बाहेर गेले. "आये, आत चल."

आयनं मान हलवली. "आता न्हाय, बाय. या पोरीला ने आत. मी हितं बरी हाय."

मी हात धरला. तिनं तो हळूच सोडवला. पुन्हा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. ती हलली नाही. मी गुड्डीला आत नेलं, सईच्या शेजारी उभं केलं. केक कापला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आतल्या टाळ्या थांबल्या तरी बाहेरून एक टाळी ऐकू येत राहिली. आय वाजवत होती, चपलांच्या रॅकशेजारी बसून.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर लादीचा फोटो आला. खाली प्रश्न, हे डाग कुणाच्या बाईचे? मी लिहिलं, "माझ्या आयच्या पायांचे आणि माझ्या पायांचे. मी पुसते." झाडणाऱ्या ताईंना हात लावू दिला नाही. सईला बरोबर घेऊन गेले. पुसायच्या आधी तिला पायरीची गोष्ट सांगितली, सगळी. मालकीणबाईनं काय केलं ते आणि मी काय केलं ते.

"मग तू पण तिच्यासारखीच?" सईनं विचारलं.

"हो," म्हटलं. "काल होते. आणि तू पण होतीस, गुड्डीसाठी. ते मी तुला शिकवलं."

तिनं जाऊन आजीच्या एका पावलात स्वतःचं पाऊल ठेवून बघितलं.

आयची माफी मी अजून मागितलेली नाही. मागितली तर ती "जाऊ दे, बाय" म्हणेल आणि मी सुटेन. मला सुटायचं नाही. हे मला बोचत राहायला हवं, भेगेतल्या मिठासारखं. नाहीतर मी पुन्हा विसरेन आणि पुन्हा कुणाला तरी चपलांपाशी बसवीन.

आता लिफ्टमध्येही मी तिला आय म्हणते, मोठ्यानं. माझ्या दारात कुणाचे पाय बघितले जाणार नाहीत. सईच्या दारातही नाहीत, मी जिवंत आहे तोवर. आणि कुठल्याही उंबऱ्यावर मला पुन्हा कुणी म्हणालं, पाय दाखव, तर मी पाय उचलणार नाही. पुढं टाकीन.