इश कोमं

साठ सालच्या सुमारास म्युनिकला आमच्या वसतिगृहात साताऱ्याचे एक संशोधक राहायचे. दर रविवारी ते एखादं चर्च नाहीतर किल्ला पाहून यायचे, आणि बरोबर मलाही ओढून न्यायचे. निरोप घेताना 'जातो' म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं. म्हणून जर्मन माणसालाही ते हात जोडून 'इश कोमं', म्हणजे 'येतो', असंच म्हणत.

"अहो, तो खरंच वाट बघत बसेल," मी एकदा म्हणालो.

"गेनाऊ, अगदी बरोबर. बसू दे की."

एका रविवारी आम्ही उल्मला गेलो, तर बर्फामुळे चर्चचा मनोरा बंद होता. त्यांनी म्हाताऱ्या पहारेकऱ्याला 'इश कोमं' म्हटलं. मी लाजून दुसरीकडे बघत राहिलो.

पुढच्या रविवारी पुन्हा निघालो, पण गाडी रखडली. पोचलो तेव्हा मनोरा बंद व्हायची वेळ टळून गेली होती. पहारेकरी मात्र किल्ल्या घेऊन दारातच उभा होता.

"तुम्ही येतो म्हणाला होतात," तो म्हणाला.

धापा टाकत आम्ही वर पोचलो. दूरवर आल्प्सची शिखरं उन्हात झळकत होती. गड सर केल्यासारखा त्यांनी मफलर हवेत फडकवला.

खाली उतरल्यावर पहारेकऱ्यापुढे हात आधी मी जोडले आणि म्हणालो, "इश कोमं."