तिसऱ्या बेसच्या बाजूला

कोरियातल्या बुसान शहरात, गुपोच्या बाजारात मासळीच्या वड्या तळणाऱ्या पे मानहोला कुणी धर्म विचारला, तर तो 'जायंट्स' असं सांगत असे आणि सांगताना हसत नसे. जायंट्स ही तिथली बेसबॉल टीम. बुसानमध्ये जन्मलेलं मूल जायंट्सचंच असतं आणि पुढे आयुष्यभर हरत राहतं, त्यात नवल काही नाही. पण मानहोचं हरणं जरा खानदानी होतं. टीम हरली की दुसऱ्या दिवशी वड्यांत हमखास मीठ जास्त पडायचं, आणि बाजारातले लोक सकाळी एक वडी चाखून आदल्या दिवशीचा निकाल सांगायचे. गेली कित्येक वर्षं त्याच्या वड्या खारटच आहेत, हे त्याच्या गिऱ्हाइकांनी आता गृहीत धरलं होतं.

अशा माणसाची बायको ग्वांगजूची निघावी, म्हणजे कट्टर वैरी टायगर्सच्या गावची. मिरान त्याला भेटली ती बुसानच्या बुटांच्या कारखान्यात, आणि प्रेमात पडेपर्यंत दोघांनीही एकमेकांना गाव विचारलं नव्हतं. मानहोच्या आईने जेवण सोडलं. मुलगी दिसायला बरी, हाताला चव, आवाज खालचा, पण गाव ते गाव. शेवटी लग्न झालं, आणि त्याच वर्षी जायंट्स देशात पहिले आले. सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या, सून पायगुणाची आहे. पुढल्या वर्षी टायगर्स पहिले आले आणि तोच पायगुण पांढरा ठरला. त्यानंतर जायंट्स आजतागायत पहिले आलेले नाहीत, आणि या सगळ्याला मिरानचे पाय जबाबदार आहेत असं त्या घरात मरेपर्यंत मानणारी एक बाई होऊन गेली.

लग्नानंतर मिरानचं आडनाव तेच राहिलं, तिथे सगळ्याच बायकांचं राहतं. बदलावी लागली ती टीम. ती नवऱ्याबरोबर साजिकच्या मैदानावर पहिल्या बेसच्या बाजूला, यजमानांच्या गर्दीत बसायला लागली. सगळ्यांसारखी कचऱ्याची केशरी पिशवी फुगवून डोक्याला बांधायला शिकली, टाळ्या वाजवायला शिकली. मानहोला याचा कोण अभिमान. दोन पेले सोजू पोटात गेले की तो बाजारात सांगायचा, ग्वांगजूची वाघीण होती, मी तिची शेळी केली. मिरान शेजारी वड्या काडीला टोचत असायची. ती काही बोलायची नाही, आणि न बोलणं म्हणजे होकार, असा मानहोचा सोयीस्कर समज होता.

त्यांची एकुलती एक मुलगी बोराम नोकरीला दूर देजॉनला गेली आणि तिथे जाऊन तिसऱ्याच टीमची, ईगल्सची झाली. मानहोने पंधरा दिवस तिचा फोन घेतला नाही. मग त्याला कळलं की ती टीमही तळाला असते, आणि बापाचं काळीज विरघळलं.

तर या मिरानला साठ वर्षं पूर्ण झाली. साठी म्हणजे मोठं काम. बोरामने आईला जेजू बेटावर न्यायचं ठरवलं, मानहोने बाजारातल्या पन्नास माणसांना जेवण घालायचं ठरवलं. मिरानने दोन्हीला नको म्हटलं.

"मला एक मॅच बघायची आहे," ती म्हणाली. "टायगर्स इथे येतील तेव्हा. तिसऱ्या बेसच्या बाजूला बसून."

"जा की मग. बोरामला घेऊन जा," मानहो उदारपणे म्हणाला.

"तुमच्याबरोबर. तुम्हीही टायगर्सचा लाल शर्ट घालायचा. नऊ डाव माझ्या बाजूने बसायचं. दुसरं काही नको मला."

तिसऱ्या बेसच्या बाजूला पाहुणे बसतात, म्हणजे शत्रू. मानहोने विचारलं की त्याऐवजी सोन्याची अंगठी चालेल का. चालणार नव्हती. तेहतीस वर्षांत तिने काही मागितल्याचं त्याला आठवेना, आणि हीच मोठी अडचण होती, कारण एकाला नाही म्हणायला आधीची दहा तरी पुरवलेली असावी लागतात. तो हो म्हणाला. पण मनात धाकधूक एकच: बाजारात कळता कामा नये. बाजारातल्या जायंट्स मंडळाचा अध्यक्ष तो, आणि अध्यक्षाला लाल शर्टात कुणी पाहिलं असतं तर वड्यांचं दुकान बंद करून थेट डोंगरात जावं लागलं असतं.

रविवारी तो तोंडाला मास्क, डोळ्यांवर टोपी आणि अंगात वाघाचं चित्र असलेला लाल शर्ट अशा थाटात मैदानात शिरला. मंडळाला त्याने कंबर धरल्याचं कळवलं होतं. पलीकडे, पहिल्या बेसच्या बाजूला, त्याची नेहमीची जागा दिसत होती. तिथे मंडळाचा उपाध्यक्ष, वाम मासे भाजून विकणारा दोंगछुल, स्वतःच्या खुर्चीवर आणि अध्यक्षांच्या खुर्चीवर मिळून एकटाच पसरून बसला होता.

मानहोने सहा डाव तोंड मिटून काढले, याची नोंद कुठेतरी व्हायला हवी. टायगर्सनी धावा काढल्या तेव्हा त्याने टाळ्यासुद्धा वाजवल्या, थंडीत हात चोळावेत तशा. मिरानकडे मात्र तो बघायचं टाळत होता. ती उभी राहून गात होती. गाण्याचे शब्द, हातवारे, कुठल्या खेळाडूला कुठली आरोळी, सगळं तिला तोंडपाठ होतं. हे ती कधी शिकली, असा प्रश्न त्याच्या मनात आला आणि त्याने तो बाजूला सारला.

सातव्या डावात घात झाला. जायंट्सचा एक गडी पहिल्या बेसवर होता आणि चोरून पुढे सरकत होता. टायगर्सच्या पिचरने बॅटरकडे बॉल न टाकता त्या गड्याला बाद करायला गर्रकन वळून पहिल्या बेसकडे फेकला. आता परक्या पिचरने असं केलं की साजिकवर सगळं मैदान एका तोंडाने "मा!" असं ओरडतं. मा म्हणजे 'ए शहाण्या'. हे कुणी ठरवून ओरडत नाही. बुसानच्या माणसाला शिंक येते तसं ते येतं. हजारो माणसं पलीकडून ओरडली, आणि इकडे, लाल शर्टांच्या मधोमध, एकच माणूस मास्क खाली ओढून, उभा राहून, छातीतला सगळा वारा लावून ओरडला.

आजूबाजूची ग्वांगजूची माणसं वळून बघायला लागली. कॅमेरावाल्यांना असले मासे बरोबर सापडतात. मैदानातल्या भल्यामोठ्या पडद्यावर वाघाच्या शर्टातला मानहो दिसला, तोंड उघडं, मूठ वर. सगळं साजिक हसलं. पुढच्याच क्षणी खिशातला फोन वाजला.

"दादा, कंबर कशी आहे?" पलीकडून दोंगछुल विचारत होता. "तुम्हाला पळवून नेलंय का? नेलं असेल तर या निघून. खुर्ची मोकळी करतो. शर्ट तिथेच टाका, आपण म्हणू बायकोने जबरदस्ती केली."

मानहो उठला. खरंच उठला. पडद्यावर दिसून झालंच होतं, आता निदान पळून गेल्याचं पुण्य तरी पदरात पडेल, असा त्याचा हिशेब. मिरानने त्याच्याकडे पाहिलं नाही. "जायचं तर जा," ती मैदानाकडे बघत म्हणाली. "शर्ट तेवढा काढून ठेवा. नवा आहे."

ती रागावली असती तर तो गेला असता. रागाशी भांडता येतं. पण तो जाणारच, हे ती घरून निघतानाच धरून चालली होती, हे त्याला तिच्या आवाजात ऐकू आलं आणि लाज वाटली. तो खाली बसला. दोंगछुलला म्हणाला, "बायकोची साठी आहे. ठेव फोन."

एवढ्यावर भागलं असतं, पण जायंट्सनी त्याच दिवशी जिंकायचं मनावर घेतलं. टायगर्सकडून ते लागोपाठ किती सामने हरले होते ते मंडळात मोजायला बंदी होती. नववा डाव, दोन गडी बाद, दोन धावा मागे, बेसवर दोघे. बॅटरने बॉल असा हाणला की तो डाव्या बाजूच्या कुंपणापलीकडे जाऊन पडला: एका फटक्यात तीन धावा. संपलं. पलीकडे केशरी पिशव्यांचा नुसता गोंधळ उडाला, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती, आणि मानहोची रिकामी खुर्ची दोंगछुल डोक्यावर धरून नाचवायच्या बेतात होता, पण ती जमिनीला पक्की होती.

मानहोने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. ओठ आत घेतले. छातीत काहीतरी फुगत चाललं होतं, आणि शेजारी बायको टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसली होती.

"मी जरा जाऊन येतो," तो कसाबसा म्हणाला.

पुरुषांच्या संडासात कुणी नव्हतं. त्याने तिथला नळ पूर्ण सोडला, बेसिनमध्ये डोकं घातलं आणि पाण्याच्या आवाजाखाली मनसोक्त हसला, रडला, दोनदा ओरडला. मग तोंड पुसून, चेहरा सुतकी करून परत आला. शर्टाचा पुढचा भाग वाघासकट ओलाचिंब झाला होता.

मिरानने त्या शर्टाकडे पाहिलं.

"नळ सोडला होता?" तिने विचारलं.

मानहोच्या तोंडून खोटं निघेना. त्याने मान हलवली.

"स्वयंपाकघरातला बरा पडतो," ती म्हणाली. "खाली पातेलं उपडं ठेवायचं. आवाज मोठा येतो, अंगावर उडतही नाही."

"कधी?"

"आमचे पहिले आले तेव्हा. दर वेळी. पहिल्यांदा बोराम पोटात होती." तिने टोपी पिशवीत ठेवली. "चला, बसला गर्दी होईल."

ती पायऱ्या उतरायला लागली. मानहोला त्या सगळ्या रात्री एकदम आठवल्या. बाहेरच्या खोलीत तो आणि आई टीव्हीसमोर बसलेले, टायगर्स मैदानावर एकमेकांना वर उडवताहेत, आई पायगुणाचा उद्धार करते आहे, आणि आतून पाण्याचा आवाज येतो आहे, थांबतच नाही. आणि दर वेळी त्यानेच आत ओरडून सांगितलं होतं, अगं, तो नळ बंद कर, टीव्ही ऐकू येत नाही.

आणि तिने दर वेळी लगेच बंद केला होता.