बघितल्याशिवाय छापणार नाही

संस्थान विलीन झालं, फौज मोडली आणि आमचे हे पन्नाशीला घरी बसले. ज्या जगदेवरावांना लोक वाकून मुजरा करायचे, ते आता टोपी बाजारात दुकानोदुकानी जाहिराती मागत फिरू लागले. का, तर मोहल्ल्यातल्या मराठी घरांसाठी साप्ताहिक काढलंय म्हणे! नाव 'शेजार'. चार पानं, अगदी फुकट. कुणाकडे बारसं, कुणाकडे मयत, कुणाच्या मुलीचं जमलं, सगळं त्यात. वाटायलाही हेच जायचे.

खर्च निघायचा जाहिरातींवर. त्यातही ह्यांचा हट्ट, वस्तू डोळ्यांनी बघितल्याशिवाय छापायची नाही. तूपवाल्याकडे बोट बुडवून चाखायचे आणि छापायचे, "तूप चांगले; डबा मात्र गळका." तो बिचारा हात जोडायचा, "रावसाहब, डिब्बे की बात तो छोड़ दो!" हे ऐकतील तर शप्पथ! पण लोक विश्वासाने त्याच्याकडेच जायचे, म्हणून तोही पुन्हा जाहिरात द्यायचा.

छप्पन साली मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला आणि कचेऱ्या भोपाळला निघाल्या. कमावती माणसं गेली, म्हातारीकोतारी मागे राहिली. आमच्या गोविंदाचाही तबादला झाला. सून गेली, नात शामला गेली. माझ्या कुशीतच झोपायची हो ती! घर नुसतं खायला उठलं. मी ह्यांच्या मागेच लागले, पेपर बंद करा, मकान भाड्याने द्या, आपणही जाऊ.

"मग मागे राहिलेल्यांना कुणाकडे काय झालं, ते कोण सांगणार?" हे म्हणाले.

"आणि मला मेलीला कोण विचारतं?" मी भडकले. "घ्या, माझीच जाहिरात घ्या. मकान देणे आहे!"

ह्यांनी चष्मा लावला आणि निघाले मकान बघायला, आपलंच! भिंतींवर थापा मारल्या, नळ सोडून बघितला, धूर कोंडतो का ते बघायला चूल पेटवायला लावली. मग लिहून कागद माझ्यापुढे ठेवला.

"खासगी बाजारात पुढच्या दोन खोल्या भाड्याने देणे आहे. स्वयंपाकघरात धूर होतो. शेजार चांगला. मागच्या खोलीत एक म्हातारा राहील. त्याला दोन वेळा जेवू घालणाऱ्यास भाड्यात सूट."

"आणि मी?" मी विचारलं.

"तू जा शामलाकडे. तुझा जीव तिथे आहे, मला दिसतंय ना."

होता, खरंच होता. आजही आहे. पण तो कागदावरचा म्हातारा परक्या हातचं जेवताना डोळ्यांपुढे आला आणि असा संताप आला, असा संताप आला, की रडूच फुटलं. ह्यांच्या कानावरची पेन्सिल ओढली. जेवणाचं वाक्य खोडलं. 'एक म्हातारा'च्या पुढे लिहिलं, 'आणि एक म्हातारी'.

"बघून घ्या नीट तिला," म्हटलं, "आणि मग छापा."