पैसे भरलेल्या पुस्तकाचा शेवट

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा मी नांदेडहून तिथल्या ग्रंथालयात बदलून आलो. पुस्तकांवर अजून जुन्या जिल्ह्याचेच शिक्के होते. ते निळ्या शाईनं खोडायचं काम माझ्याकडे आलं, आणि जिल्हा आपणच काढलाय अशा थाटात मी ते केलं. मी गोदावरीकाठचा माणूस. पाण्यासाठी रांग लावायची असते हे मला लातुरात कळलं. पाऊस नव्हता, नळ कोरडे, आणि गल्लीत टँकर येई तोही त्याच्या मर्जीनं.

नियम मात्र मला तोंडपाठ. विशेषतः हरवलेल्या पुस्तकाचा. वाचकानं किंमत भरली की पुस्तकाचं कार्ड ट्रेमधून काढायचं, त्यावर ‘हरवले, किंमत वसूल’ लिहायचं आणि पुस्तक नोंदीतून कमी करायचं. पुढे ते सापडलंच तर ते ग्रंथालयाचं नाही, पैसे भरणाऱ्याचं. हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असे. कुणी विचारलेलं नसे.

मी ज्यांच्याकडे भाड्यानं राहायचो त्या घरच्या बाईंना सगळी गल्ली अक्का म्हणे. माहेर उदगीरकडचं, नवऱ्याची आडत, आवाज खणखणीत. ग्रंथालयातून कादंबरी न्यायच्या आणि टँकरची वाट बघत रांगेतल्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवायच्या. तेव्हा चालू होती ती नवऱ्याचं घर सोडून आलेल्या एका बाईची गोष्ट होती. ऐकणाऱ्यांत शेजारची एक मुलगी असायची. तीही रेणापूरच्या सासरहून परत आलेली. हातावर भाजल्याचा डाग होता, त्याबद्दल कुणी विचारत नसे. भाऊ मात्र रोज विचारायचा, रेणापूरला कधी सोडू? ती म्हणायची, “अक्काचं पुस्तक संपू दे दादा, मग सांगते.” भाऊ स्वभावानं गरीब. तो थांबायचा.

गल्लीत नंबर लावायला वस्तू ठेवायची पद्धत होती. कुणी फुटकी घागर ठेवी, कुणी वीट, कुणी चप्पल. एकदा अक्कांना दुधाकडे बघायला घरात जायचं होतं, हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी पुस्तकच ठेवलं. पुस्तक कोण चोरतंय, असा त्यांचा हिशेब. तेवढ्यात टँकर आला, झुंबड उडाली आणि पुस्तक गेलं. नंबरही गेला.

अक्का दुसऱ्या दिवशी काउंटरवर हजर. मी नियम सांगायला घसा साफ करेपर्यंत त्यांनी पैसे समोर ठेवलेसुद्धा.

“पैशाचं काय न्हाई वो. शेवटी काय झालं तिचं, तेवढं सांगा. तुमी तर वाचलंच असनार.”

मी त्या पुस्तकाचा क्रमांक सांगू शकलो असतो. कपाट, खण, पृष्ठसंख्या, सगळं. आत काय आहे ते देवाला ठाऊक. पण ग्रंथालयातला माणूस वाचत नाही हे कबूल कसं करायचं? चार सिनेमे आठवले आणि ठोकून दिलं, “नवरा माफी मागतो. ती परत जाते. सुखाचा संसार होतो.”

“असं व्हय,” अक्का म्हणाल्या आणि गेल्या.

माझी थाप रांगेत पोचली आणि गल्लीनं ती पुस्तकाचीच म्हणून ऐकली. भाऊ बहिणीला म्हणाला, “संपलं की आता पुस्तक.” रविवारी तिला रेणापूरला सोडायचं ठरलं. हे मला अक्कांनीच सांगितलं. मी घाईच्या कामाचं निमित्त काढून ग्रंथालयाकडे सटकलो. थाप मारायला मी वाघ; ती मागे घ्यायची म्हटलं की माझी शेळी होते.

शनिवारी टँकरचा ड्रायव्हर ग्रंथालयात आला आणि पुस्तक काउंटरवर टाकलं. “चाकाखाली यायलं होतं, उचलून शीटमागं ठिवलं. ध्यानातच ऱ्हायलं न्हाई बगा.”

कुणी बघत नाहीसं पाहून मी उभ्याउभ्या शेवटची पानं वाचली. त्या नोकरीत मी वाचलेली ती पहिली पानं. बाई परत गेली नव्हती.

पुस्तक कपाटात कोंडून टाकावं, असं मनात आलं. गावासमोर तोंड तरी काळं झालं नसतं. पण कपाटात ठेवायचं कशाच्या आधारावर? कार्ड मीच रद्द केलेलं, किंमत मीच घेतलेली. वर्षभर घोकलेला नियम माझ्याच मानगुटीवर बसला. पुस्तक अक्कांचं होतं.

टँकर तोवर गल्लीत आलेला होता. मी थेट रांगेत गेलो आणि अक्कांच्या हातात पुस्तक दिलं. “मी सांगितलेला शेवट खोटा. मी हे वाचलंच नव्हतं.”

बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, “पगार कशाचा घेतोय मग ह्यो?” प्रश्न रास्त होता. अक्का मात्र हसल्या नाहीत. “लाज न्हाई वाटली व्हय?” म्हणाल्या आणि खरा शेवट बघायला मागची पानं उलटू लागल्या.

त्या मुलीनं पुस्तकावर हात ठेवला. डागाचाच हात.

“शेवट नको अक्का. मधलं लई इसरलंय. पयल्यापासनं वाचा.” मग भावाकडे वळली. “पुस्तक संपू दे दादा. मग सांगते.”

भावानं दोन्ही घागरी खाली ठेवल्या, एकदा माझ्याकडे बघितलं आणि होकारार्थी मान डोलावली. अक्का एरवी एका टँकरला एक प्रकरण उडवायच्या. त्या दिवशी त्यांनी पहिलं पान उघडलं, आणि टँकर रिकामा होऊन निघून गेला तरी ते पान संपलं नव्हतं.